वाचक विचारतात : दोन तारांचा बेस आणि इंधन संपलेले यात्रेकरू

डेन्मार्कच्या डी-ए-डी या हार्ड रॉक बँडला देशाबाहेर ओळख मिळवून देणारा अल्बम म्हणजे १९८९ चा ‘नो फ्युएल लेफ्ट फॉर द पिलग्रिम्स’. या महिन्याचे निवडलेले सगळे प्रश्न त्याच्याभोवतीचे आहेत. थोडे बँडबद्दल, बरेचसे वाजवण्याबद्दल आणि उरलेले तबकड्यांच्या दुखण्यांबद्दल.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, व्होलबीट हा डेन्मार्कचा पहिला मोठा रॉक बँड. त्याच्याआधी तिथे कोणी नव्हतंच का? (सातारा)

होते की. व्होलबीट २००१ चा. २०१० च्या ‘बियाँड हेल/अबव्ह हेवन’नंतर तो अमेरिकेत खऱ्या अर्थाने रुजला, पण वाट आधीच मळलेली होती. सत्तरच्या दशकात गॅसोलिन या बँडने आपली डॅनिश गाणी इंग्रजीत करून अमेरिकेचं दार ठोठावलं होतं, ते काही उघडलं नाही. १९८३ मध्ये मर्सिफुल फेटचा ‘मेलिसा’ आला. जगभरच्या मेटलवाल्यांनी तो डोक्यावर घेतला, पण तो हार्ड रॉक नव्हे. होर्सेन्स गावच्या प्रिटी मेड्सचा ‘फ्युचर वर्ल्ड’ १९८७ चा. कोणी त्यालाच पहिला मान देत असेल तर आम्ही भांडणार नाही. शिवाय मेटालिकाने ‘राइड द लाइटनिंग’ आणि ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे दोन अल्बम कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेनबरोबर ध्वनिमुद्रित केले. म्हणजे ध्वनिमुद्रणाची अक्कल त्या शहरात होतीच.

डी-ए-डी कोपनहेगनचाच, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. येस्पर बिन्सर गातो आणि गिटार वाजवतो, त्याचा भाऊ याकोब मुख्य गिटारवर, स्टी पेदर्सन बेसवर. या अल्बमच्या वेळी ड्रम्सवर पीटर लुंडहोल्म येन्सन होता. तो १९९९ ला बाहेर पडला आणि लाउस्ट सोना आला. ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९८६) आणि ‘डी.ए.डी. ड्रॉज अ सर्कल’ (१९८७) या पहिल्या दोन अल्बमांत काउबॉय, गुरंढोरं, ट्रकवाले अशी सगळी जत्रा होती. पंकच्या अंगावर वेस्टर्न चित्रपटाचे कपडे, आणि हसण्याचा मामला उघड. तिसऱ्या अल्बममध्ये निर्माता निक फॉसबरोबर त्यांनी रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, जड केले आणि वेस्टर्नला शब्दांतून उचलून गिटारच्या सुरात नेऊन बसवलं. थट्टा राहिली, पण ती आता कानात घुसते ती सुरातून. अल्बमचं पहिलंच गाणं ‘स्लीपिंग माय डे अवे’ याचा सर्वांत चांगला नमुना. ते एमटीव्हीवर वाजलं आणि अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने अल्बम काढला.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९९१ चा ‘रिस्किन इट ऑल’ घरी जोरात चालला, अमेरिकेत नाही. त्याच वर्षी सिॲटलहून ग्रंज ही रॉकची नवी लाट आली आणि अमेरिकेतल्या हार्ड रॉकचा बाजारच उठला. आमच्या मते गाणी कमी पडली नव्हती, वेळ चुकली.

प्रश्न : ऑनलाइन शोधताना एकाच बँडचं नाव कुठे टिंबं देऊन, कुठे आडव्या रेघा देऊन दिसतं. हे वेगवेगळे बँड आहेत का? जुनी रेकॉर्ड विकत घ्यायची आहे, फसायला नको. (ठाणे)

बँड एकच. मूळ नाव डिस्नीलँड आफ्टर डार्क. अमेरिकेत पाऊल ठेवायची वेळ आली तेव्हा वॉल्ट डिस्ने कंपनी कोर्टात खेचणार अशी चिन्हं दिसली आणि नावाची आद्याक्षरं तेवढी उरली. १९८९ पासून अक्षरांमध्ये टिंबं, १९९५ पासून विसर्गासारखी दोन टिंबं आणि २००० पासून आडव्या रेघा. म्हणजे नुसती विरामचिन्हं पाहूनही मुखपृष्ठ साधारण कोणत्या काळात छापलंय ते कळतं. मात्र जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांवर नवी चिन्हं येऊ शकतात, त्यामुळे चिन्ह हा पुरावा नव्हे, खूण समजा.

शोधताना तीन अक्षरं टाकलीत तर ‘बाबा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द धरून भलतंच काहीतरी समोर येतं. अल्बमचं पूर्ण नाव टाका. पहिल्या दोन अल्बमांसाठी बँडचं जुनं पूर्ण नाव टाका, कारण विकणाऱ्यांनी त्याच नावाखाली नोंद केलेली असते.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो मागा : मुखपृष्ठाची मागची बाजू, तबकडीच्या मध्यावरचं लेबल, आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक. हा तिसरा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. कव्हर बदलता येतं, कोरलेला क्रमांक बदलता येत नाही. तो आणि लेबलवरचा क्रमांक जुळवून पाहा. फोटो तिरक्या उजेडात काढायला सांगा. समोरून प्रकाश मारला की ओरखडे दिसतच नाहीत, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. गाणी बारा आहेत, ‘स्लीपिंग माय डे अवे’पासून ‘इल विल’पर्यंत. मोजून घ्या.

जाता जाता : २०११ च्या अल्बमचं नाव त्यांनी ‘डिक. नी. लान. डाफ्ट. अर्ड. आर्क’ असं ठेवलं. मोठ्याने आणि न थांबता वाचा, डिस्नीच्या वकिलांना काय वाटलं असेल ते कळेल.

प्रश्न : तुम्ही ‘येस्पर’, ‘स्टी’ असं लिहिता. छापील नावात तर जे आणि जी आहे. (नाशिक)

डॅनिशमध्ये जे चा उच्चार ‘य’ होतो, म्हणून येस्पर आणि याकोब. झेड चा ‘स’, म्हणून बिन्सर. स्टिगमधला शेवटचा ‘ग’ बोलताना जवळजवळ गिळला जातो. पेदर्सनमधला ‘द’ही आपल्या ‘द’पेक्षा मऊ, जीभ दातांना जेमतेम लागते. कोपनहेगनला तिथले लोक ‘कोप्महाउन’च्या आसपास काहीतरी म्हणतात. ते मात्र आम्ही मराठीत लिहिणार नाही, पत्ता चुकेल.

प्रश्न : स्टी पेदर्सन दोन तारांचा बेस वाजवतो. मला माझ्या साध्या चार तारांच्या बेसवर तसं करायचं आहे. दोन तारा काढून टाकल्या, तर पहिल्या काही फ्रेटवर नुसती खरखर होते. काय चुकलं? तसंच कोणत्या तारा ठेवाव्यात? (पुणे)

तुमची मान मागे वाकली आहे. म्हणजे बेसची.

चार तारांच्या लांब मापाच्या बेसवर, म्हणजे ३४ इंच स्केलवर, प्रत्येक तार साधारण १६ ते २३ किलोने ओढत असते. चार मिळून ७५ ते ८० किलो. हा ओढा मान पुढे वाकवू पाहतो आणि आतली ट्रस रॉड, म्हणजे मानेतली लोखंडी सळई, तिला मागे ओढून धरते. दोघांचं जमलेलं असतं. बारीक दोन तारा काढल्यात की निम्म्याहून थोडा जास्त ताण निघून जातो, सळई मात्र पूर्वीच्याच जोराने ओढत राहते. मान मागे जाते, मधले फ्रेट वर येतात आणि नटजवळ, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीजवळ, दाबलेली तार पुढच्या फ्रेटला घासते. तीच तुमची खरखर. स्टीचे बेस, अगदी रॉकेटच्या आकाराचेसुद्धा, दोन तारांसाठीच बांधलेले असतात, म्हणून त्याला हा त्रास नाही.

दुरुस्ती अशी. उरलेल्या दोन तारा नेहमीच्या सुरात लावून घ्या, सैल तारांवर मोजमाप करू नका. जाड तार पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून दाबा आणि मान जिथे अंगाला मिळते त्या फ्रेटवर बोटाने दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते पाहा. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर हवी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. तुमच्याकडे बहुधा फटच नसेल, तार फ्रेटला टेकलेली असेल. ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा. पाव म्हणजे पावच. परत सूर लावा आणि रात्रभर तसंच ठेवा, लाकूड लगेच ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, लागला तर आणखी पाव फेरा. नट फिरायला जड जात असेल किंवा कुरकुरत असेल तर थांबा आणि कारागिराकडे न्या. नटची डोकी झिजवून ठेवलेले बेस दुरुस्तीला भरपूर येतात.

रॉड पूर्ण सैल होऊनही मान मागेच राहिली तर तुमची रॉड एकाच दिशेने काम करणारी आहे. तिला मान पुढे ढकलता येत नाही. मग जाड तारा लावा, १०० ऐवजी १०५ ची ई (सर्वांत जाड तार), ८० ऐवजी ८५ ची ए (तिच्या शेजारची). हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. तेवढ्याने बहुतेक वेळा जमतं. सर्वांत शेवटी बारावा फ्रेट ते तारेची खालची कड हे अंतर २.५ मिलिमीटरच्या आसपास आणा, आणि हे ब्रिजवरून करा, रॉडवरून नाही. या दोन गोष्टींची गल्लत केल्याने जितके बेस बिघडतात तितके पडल्याने बिघडत नसतील.

कोणत्या तारा? ई आणि ए ठेवा. हार्ड रॉकची निम्मी गाणी ई किंवा ए वर उभी असतात आणि खाली मोकळी तार हवी असते. दोन तारांत पाच अर्ध्या सुरांचं अंतर असल्याने ई वर पाचव्या फ्रेटपर्यंत गेलात की पुढचं सगळं ए वर सलग मिळतं. एकही सूर हरवत नाही. पंचम पूर्वीसारखाच, पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर. हरवतो तो सप्तकाचा सोपा हात. चार तारांवर वरच्या सप्तकातला तोच सूर एक तार सोडून पुढच्या तारेवर, दोन फ्रेट वर मिळतो. इथे तो पुढच्याच तारेवर, पण सात फ्रेट लांब. त्यामुळे हात आपोआप खाली राहतो आणि मूळ सुरावर ठाण मांडतो. या संगीताला तेच हवं असतं.

तारा मानेच्या मधोमध आणायचा मोह होईल, दिसायला छान दिसतं. आधी पिकअप पाहा. पिकअपमधली चुंबकं प्रत्येक तारेच्या जागी बसवलेली असतात. तार दोन चुंबकांच्या मधल्या फटीत आली की आवाज अर्धा होतो आणि तार ओढून वाजवली की कमी-जास्त होतो. सलग पट्टीच्या चुंबकाचा पिकअप असेल तरच मध्यावर आणा, आणि मग नटही नवा कापावा लागेल. नाहीतर आपापल्या खाचांत राहू द्या. रिकाम्या खुंट्या घट्ट करा आणि ब्रिजवरचे रिकामे सॅडल काढून डबीत ठेवा. त्यांच्या स्प्रिंगा थरथरतात आणि ती झणझण शोधण्यात माणसाचा रविवार जातो.

प्रश्न : आमच्या बँडमध्ये दोन गिटार आहेत. ‘स्लीपिंग माय डे अवे’ वाजवतो तेव्हा रेकॉर्डवर सुटसुटीत वाटणारं गाणं आमच्याकडून चिखल होतं. दोघांचेही ॲम्प चांगले आहेत. (कोल्हापूर)

दोघांचाही गेन, म्हणजे ॲम्पवरचा आवाज फाडणारा नॉब, नऊवर असणार. तो पाचवर आणा आणि मग बोला.

गेन वाढवला की तारेचा आघात दबतो आणि सगळे सूर एकाच उंचीचे होतात. एकट्याने खोलीत वाजवताना ते भारदस्त वाटतं. दुसरी गिटार आली की दोन भिंती एकमेकींवर पडतात. कसोटी सोपी आहे : पूर्ण सहा तारांचा ई मेजर एकदा झटक्यात वाजवा. त्यातली तिसरी तार वेगळी ऐकू येत नसेल तर गेन अजून जास्त आहे. उरलेला जोर उजव्या हातातून काढा, सगळे फटके खालच्या दिशेने. दमायला होतं, पण त्याला इलाज नाही. बेस नॉब चारवर आणि मिड सहा-सातवर. मिड पाडून बेस आणि ट्रेबल चढवायचा हसरा चेहरा इक्वलायझरवर काढलात तर घरी मजा येते, हॉलमध्ये गिटार गायब होते.

गिटारच्या खालच्या ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्‌झचा, बेसच्या ई चा ४१. मिक्सरवर दोन्ही गिटारींना ८० ते १०० हर्ट्‌झखाली कापा. त्या खालची जागा बेस आणि बास ड्रमची आहे. तुमचा बेसवाला खाली ठाण मांडून बसला असेल तर त्याला ती जागा सुखाने मिळू द्या.

आता दुसरी गिटार. वेस्टर्न रंग हवा असेल तर ती पहिलीची सावली नको. ब्रिजकडचा पिकअप घ्या, विकृती (डिस्टॉर्शन) इतकी कमी की हळू वाजवलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तरच फाटेल. चाल वरच्या पातळ तारांवर नाही, खालच्या गुंडाळलेल्या तारांवर वाजवा आणि पिक ब्रिजच्या जवळ चालवा. त्यावर एकच प्रतिध्वनी, १०० ते १२० मिलिसेकंदांचा, मूळ आवाजाच्या पाव इतका, आणि थोडा स्प्रिंग रिव्हर्ब. हा प्रतिध्वनी गाण्याच्या लयीशी जुळवायचा नसतो. तो इतका जवळ असतो की कानाला वेगळा सूर वाटतच नाही, फक्त सूर रुंद होतो. दोनशेच्या पुढे गेलात की तो दुसरा ठोका होऊन बसतो आणि ड्रमरशी भांडतो.

अडतं ते इथे : प्रतिध्वनीचा पेडल ॲम्पच्या आधी लावला आणि विकृती ॲम्पमध्ये असली, तर मूळ सूर आणि त्याचा प्रतिध्वनी दोन्ही एकत्र चिरडले जातात. पेडल ॲम्पच्या मागच्या सेंड-रिटर्नमध्ये लावा. ती सोय नसेल तर विकृती पेडलमधून घ्या, ॲम्प स्वच्छ ठेवा आणि प्रतिध्वनी सर्वांत शेवटी.

प्रश्न : न्यू जर्सीहून काकांनी त्यांचा जुना टर्नटेबल आणि काही एलपी पाठवल्या. व्होल्टेजसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आहे. तरी सगळी गाणी संथ आणि खर्जात वाजतात. डी-ए-डीचा गायक तर दारू उतरत असल्यासारखा वाटतो. बेल्ट सैल झालाय का? (नागपूर)

बेल्ट निर्दोष आहे. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट करून देतो, पण विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. जुन्या टर्नटेबलांची सिंक्रोनस मोटर व्होल्टेजवर नाही, वारंवारतेवर फिरते. त्यामुळे वेग सहातला पाच होतो : ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे. चार मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ४८ सेकंद चालतं आणि तीन अर्ध्या सुरांहून किंचित जास्त खाली उतरतं. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी चारचं गाणं पांढरी दोनला येऊन बसतं.

खात्री करायला यंत्र लागत नाही. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजा. बरोबर शंभर भरले तर वेग ठीक. त्र्याऐंशीच्या आसपास आले तर आम्ही म्हणतो तेच. नव्वदच्या पुढे पण शंभरच्या आत आले तर मात्र बेल्ट किंवा वाळलेलं वंगण पाहावं लागेल.

उपाय : मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली बदलायची. नवी पुली जुनीच्या १.२ पट व्यासाची हवी. काही कंपन्या दोन्ही देशांसाठी वेगळ्या पुल्या करत, मॉडेल क्रमांक सांगितला तर जुने सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळू शकते. नाहीतर लेथवाल्याकडून करून घ्या, पण जुनी नमुन्याला द्या आणि भोक अगदी मधोमध हवं हे दोनदा सांगा. किंचित सरकलं तरी आवाज लाटेसारखा हलतो. वेग वाढवायला बटण ४५ वर टाकून पाहू नका, तिथे ३७.५ फेरे होतात. पिच कंट्रोल असला तरी तो साधारण आठ टक्क्यांपर्यंत जातो, तुम्हाला वीस हवेत. ६० हर्ट्‌झची मोटर ५० वर थोडी जास्त तापतेही. अर्ध्या तासाने हात लावून पाहा.

ॲडॉप्टरवर, म्हणजे डीसीवर चालणाऱ्या किंवा क्वार्ट्‌झ नियंत्रित यंत्रांना हा आजार होत नाही. डेन्मार्कहून आणलेल्या यंत्रालाही नाही. तिथे आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ वीज आहे, फक्त पिनचा आकार बदलावा लागतो.

प्रश्न : याच अल्बमच्या एलपीवर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं कर्कश वाटतं, ‘स’ फाटतो. सीडीवर तसं नाही. रेकॉर्ड खराब आहे का? (वसई)

आधी सुई तपासा, मग रेकॉर्डला दोष द्या. फेरे तेवढेच असले तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो आणि झिजलेली किंवा वाकडी बसलेली सुई तिथे हरते. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, कागदी प्रोट्रॅक्टरवर सरळ करून घ्या. वजन कार्ट्रिजच्या कागदावर दिलं असेल तेच ठेवा, बहुतेकांना १.८ ते २ ग्रॅम लागतं. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि तीच भिंती तासते. सुटकेसमधल्या स्वस्त प्लेयरवर ही रेकॉर्ड वर्षानुवर्षं वाजली असेल तर झालेली झीज परत येणार नाही.

प्रश्न : १९८९ ची सीडी नव्या गाण्यांच्या मानाने फार हळू आवाजात वाजते. (पणजी)

बरं आहे ते. त्या काळी सीडीची सरासरी पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली ठेवत, म्हणून ड्रमच्या ठोक्याला वर जायला जागा उरे. व्हॉल्यूम वाढवा. संगणकावर घेतली असेल तर फाइल ‘मोठी’ करू नका. प्लेयरमधलं रीप्लेगेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय, चालू करा आणि ते अल्बमवर ठेवा, गाण्यावर नको. नाहीतर हळू आणि जोरकस गाण्यांमधला मुद्दाम ठेवलेला फरक पुसला जातो.

प्रश्न : मेहुण्याने कोपनहेगनहून आणून दिलेल्या या एलपीच्या कव्हरवर आणि तबकडीवर यंदाच्या पावसाळ्यात पांढरे ठिपके आले. उन्हात ठेवू का? कृपया मार्गदर्शन करावे. (रत्नागिरी)

उन्हात अजिबात नको, दहा मिनिटांत तबकडीची थाळी होईल. ही बुरशी आहे. तबकडीवरून ती जाते, कव्हरवरून बरीचशी जाते.

काम गॅलरीत करा, नाकातोंडाला मास्क लावून. बुरशीचे कण घरात झटकले तर पुढचं पीक बाकीच्या रेकॉर्डवर येईल. आधी मऊ ब्रशने कोरडीच झाडा. मग ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या बिनरंगी द्रवाचे दोन थेंब. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार खोबणीत बसतात आणि कडकड होते. मायक्रोफायबर कापडाने खोबणीच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मधलं कागदी लेबल कोरडं ठेवा. दुसऱ्या कापडाने नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवा आणि तासभर उभी वाळवा. हे मिश्रण फक्त विनाइलसाठी. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलंत तर त्या विरघळतील.

स्वच्छ तबकडी जुन्या आतल्या पाकिटात परत घालू नका. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. जुनं कागदी पाकीट म्हणजे बुरशीचं घर, ते फेकाच. त्यावर गाण्यांचे शब्द छापलेले असतील तर कोरडं झाडून वेगळं ठेवा आणि तबकडीला नवं पॉलिथिनचं पाकीट द्या. बाहेरचं प्लास्टिकही पीव्हीसीचं नको. त्याचा वास येतो आणि उष्ण दमट हवेत तबकडीवर धुरकट पट्टा उठतो, तो कशानेही जात नाही.

कव्हर चकचकीत असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिलमध्ये कापूस ओलसर करून, पिळून, आधी मागच्या कोपऱ्यावर करून पाहा. रंग आला तर तिथेच थांबा. आतला खरखरीत पुठ्ठा कोरडाच झाडायचा. मग पंख्याखाली सावलीत दोन दिवस.

ठेवताना उभ्या, फार घट्ट नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, खास करून पावसाची झड खाणाऱ्या भिंतीपासून. आत आर्द्रतामापक ठेवा आणि साठ टक्क्यांच्या खाली राहील असं पाहा. साधारण हातभर रुंद कप्प्याला रंग बदलणारी सिलिका जेल २०० ग्रॅम पुरते. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा. डांबराच्या गोळ्या साड्यांना ठीक, रेकॉर्डच्या कपाटात नकोत. आणि तबकडी चमकावी म्हणून खोबरेल लावणारे कोकणात अजून भेटतात. त्यांना रेकॉर्ड ऐकायला द्यावी, हातात देऊ नये.

प्रश्न : हा अल्बम आवडला. पुढे काय ऐकू? (बेळगाव)

आधी मागे जा, पुढे नंतर. ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मधलं ‘मार्लबोरो मॅन’ ऐका. वेस्टर्नची थट्टा तिथे अजून उघडी आहे. मग ‘ओसाका आफ्टर डार्क’ हे १९९० चं जपानमधलं थेट ध्वनिमुद्रण. स्टुडिओची रंगरंगोटी नसताना दोन गिटार आणि दोन तारांचा बेस एकमेकांना किती जागा सोडतात ते त्यात कळतं, आणि कोल्हापूरच्या मंडळींनीही तेच आधी ऐकावं. त्यानंतर ‘रिस्किन इट ऑल’मधलं ‘बॅड क्रेझिनेस’. पुढे १९९५ चा ‘हेल्पयुअरसेल्फिश’ आवाजाने फार काळवंडलेला आहे, तो लगेच नको.